पॅच मारलाय, पण उघडून कधी बघणार?

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन दिल्लीला निघाले होते. भाचीचं लग्न. चिकलठाण्याला विमानाच्या दाराशी रांग थांबली. पुढे कुणाची तरी बॅग वर बसत नव्हती. बाबांनी दाराशेजारच्या पत्र्यावर सहज तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पॅच मारलाय इथं. नंतरचा आहे. किती दिवसांनी उघडून बघतात गं हे?"

हवाईसुंदरी हसली. मागचे एक काका मात्र गंभीर झाले.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमध्ये गेली, बॉडी सेक्शनला. अॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट, मागून टेकू देणारी डॉली आणि हातोडा. रंगाच्या चार थरांखालचा पॅचही त्यांच्या बोटांना कळतो. मी शासकीय अभियांत्रिकीतून मेकॅनिकल झाले आणि गेली चौदा वर्षं विमानांच्या सांगाड्याची गणितं करते. पगार त्याचाच मिळतो. त्यामुळे बाबांनी जो प्रश्न दाराशी उभ्या उभ्या विचारला, तो माझ्या धंद्यातला मुख्य प्रश्न आहे. आणि मला वाटतं, तो फक्त विमानाचा नाही. म्हणून ही लांबण. चहा घेऊन बसा.

आपल्या गावात विमान अपघात म्हटलं की २६ एप्रिल १९९३ आठवतो. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून उडालं आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. बाबा सांगतात, वर्कशॉपमधले सगळे बाहेर येऊन धुराकडे बघत होते. पण त्या अपघातातला ट्रक डोळ्यांना दिसणारा होता. मी सांगतेय तो धोका पत्र्याच्या आत, रिव्हेटच्या डोक्याखाली, मिलिमीटर-मिलिमीटरने वाढतो आणि वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

तार हातात घेऊन वाकवत राहिलं की तुटते, हे आपण लहानपणी सगळ्यांनीच केलंय. विमानाचंही तसंच. वर गेलं की आत हवा भरलेली आणि बाहेर विरळ. जेटच्या पत्र्यावर आतून साधारण प्रत्येक चौरस मीटरला साडेपाच टन एवढा दाब येतो. पत्रा किती जाड? बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर. खाली उतरलं की दाब गेला. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला विमान एकदा फुगतं, एकदा बसतं. म्हणून आमच्याकडे विमानाचं वय वर्षांत कमी आणि उड्डाणांत जास्त मोजतात. मुंबई ते संभाजीनगर हा तासाभराचाही नसलेला प्रवास आणि मुंबई ते लंडन, पत्र्याच्या हिशोबात दोन्ही एकेक फेरी.

१९८८ साली हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७चं पुढच्या भागाचं छप्पर हवेत उडून गेलं. बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्या, दमट खारी हवा, आणि एकूण ८९,६८० उड्डाणं. एक हवाईसुंदरी गेली, बाकीचे वाचले ते नशीब. चौकशीत एका प्रवासी बाईंनी सांगितलं की चढताना त्यांना दाराजवळच्या पत्र्यावर भेग दिसली होती. त्या कुणाला बोलल्या नाहीत. आपण काय बोलायचं, त्यांना कळत असेलच की. बाबांचा हात मी त्या दिवशी मागे ओढला नाही तो याच गोष्टीमुळे.

आता पॅचकडे येते. पॅच दोन कारणांनी बसतो. एक म्हणजे दुरुस्ती. सामानाची गाडी दाराला घासली, पत्रा चेपला, तेवढा भाग कापून वर दुसरा पत्रा रिव्हेटने मारला. दुसरं म्हणजे बदल. विमान बनलं तेव्हा इंटरनेट नव्हतं, आता कंपनीला वायफाय पाहिजे, मग छतावर अँटेनाचा घुमट बसवायचा, त्यासाठी भोकं पाडायची, भोकांभोवती जाड पत्र्याचं ठिगळ द्यायचं. आम्ही त्याला डबलर म्हणतो. प्रवासी विमानाचं मालवाहू करायचं असेल तर कुशीत मोठा दरवाजाच कापतात.

ठिगळ लावलं म्हणजे जागा मजबूत झाली असं कुणालाही वाटेल. झाली पण. आणि तिथेच गडबड आहे. जाड भाग कमी ताणतो, त्यामुळे आजूबाजूचा भार त्याच्याकडे धाव घेतो आणि तो आत शिरतो ठिगळाच्या कडेच्या पहिल्या रिव्हेटच्या रांगेतून. त्या रांगेच्या भोकांवर सगळ्यात जास्त ताण. भेग तिथे सुरू होते, मूळच्या पत्र्यात. आणि तो पत्रा बाहेरून दिसत नाही, कारण वर आपलंच ठिगळ बसलेलं असतं. बाबांना हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही. "गच्च पॅच मारला की पॅच फाटत नाही, शेजारचा पत्रा फाटतो. त्यात काय नवीन?" मी ते पुस्तकात शिकले होते, पुण्याला, बरीच फी भरून.

मग करायचं काय? बदल करायचेच नाहीत असं तर होत नाही. आपल्याच नाशिकचं उदाहरण घ्या. ओझरला एचएएलने सुखोई-३० विमानांमध्ये ब्राह्मोससाठी बदल केले. साधारण अडीच टनांचं क्षेपणास्त्र पोटाखाली लटकवायचं म्हणजे सांगाडा तिथे बळकट करावा लागतो. २५ जून २०१६ला ते घेऊन विमान नाशिकहून पहिल्यांदा उडालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ला बंगालच्या उपसागरावर प्रत्यक्ष डागून दाखवलं. छाती फुगावी असंच काम आहे. बातम्यांत आपल्याला क्षेपणास्त्र सुटताना दिसतं. पण सांगाड्याचा भार असा बदलला की तपासणीच्या जागा आणि वेळा यांचं गणित परत मांडावं लागतं, हे टीव्हीवर दाखवण्यासारखं नसतं.

ते गणित कसं असतं ते थोडं सांगते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी एक परिच्छेद सोडावा.

आम्ही गृहीतच धरतो की भेग आहे. पहिल्या दिवसापासून. नाही असं समजून चालायचंच नाही. मग दोन आकडे काढायचे: किती मोठी भेग तपासणाऱ्याला खात्रीने सापडेल, आणि किती मोठी झाली की पत्रा धरणार नाही. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती उड्डाणं लागतील ते मोजायचं आणि त्याला दोनाने किंवा तिनाने भागायचं, म्हणजे एकदा नजर चुकली तरी आणखी एखादी संधी मिळावी. येतं ते तपासणीचं अंतर. समजण्यापुरते आकडे देते, खऱ्या विमानाचे नाहीत. एडी करंटच्या यंत्राने ३ मिलिमीटरची भेग सापडत असेल आणि तिथून तुटेपर्यंत २४,००० उड्डाणं असतील, तर तिनाने भागून ८,०००. रोज आठ उड्डाणं करणाऱ्या विमानाला पावणेतीन वर्षं झाली. तीच जागा नुसत्या डोळ्यांनी बघायची म्हटली आणि डोळ्याला ५० मिलिमीटरशिवाय दिसत नसेल, तर शिल्लक राहतात समजा ४,५००, भागिले तीन, १,५००. म्हणजे सहा महिने. पत्रा तोच, पॅच तोच. फरक फक्त बघणाऱ्याच्या साधनाचा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्यामागे माझी एक चूक आहे. नाव-गाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

नोकरीचं सहावं वर्ष. अँटेनाच्या ठिगळाचं काम माझ्याकडे. ग्राहकाची एकच इच्छा होती की तपासणी सी-चेकमध्ये बसावी. सी-चेक म्हणजे दीड-दोन वर्षांनी विमान हँगरमध्ये उघडून ठेवतात ती मोठी तपासणी. एरवी मध्येच विमान उभं करणं म्हणजे नुकसान. इच्छा गैर नव्हती. पण मी काय केलं, तर उत्तर आधी ठरवलं आणि गणित त्याच्याकडे वळवत नेलं. हा आकडा जरा इकडे, तो जरा तिकडे, प्रत्येक बदलाला पुस्तकात आधार होता बरं का. आतल्या बाजूने डोळ्यांनी तपासणी, अंतर सी-चेकमध्ये बरोब्बर बसतंय. मी खूश.

आमच्याकडे दुसरा माणूस तपासल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. चेकर सर म्हणजे निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे आकडे बघितलेच नाहीत. ड्रॉइंग उघडलं आणि विचारलं, "हा क्रॅक कुठून दिसतो?"

आतून, मी म्हटलं.

"आतून काय काय काढावं लागतं?"

छताचं पॅनेल. मग इन्सुलेशनची गादी. मग... आणि मी थांबले. अँटेनाच्या वायरींसाठी जो ब्रॅकेट आम्हीच नव्याने दिला होता, तो बरोबर त्या पहिल्या रांगेवर येत होता. बदल आम्ही केला, भेगेची जागा आम्ही तयार केली आणि ती झाकलीही आम्हीच. त्या तपासणीत माणूस टॉर्च घेऊन वर चढला असता, ब्रॅकेट बघून खाली आला असता आणि प्रामाणिकपणे सही केली असती. भेग आढळली नाही.

सरांनी रागावून काही म्हटलं नाही. कागद परत दिला. ब्रॅकेट सरकवला, ठिगळाची कड पातळ केली म्हणजे भार एकदम शिरू नये, आणि पॅचच्या आरपार बघणारी कमी फ्रिक्वेन्सीची एडी करंट तपासणी दिली. पाच आठवडे उशीर झाला. त्या वर्षी माझं अप्रेझल यथातथाच झालं, तेही सांगून टाकते.

घरी आल्यावर त्या रात्री मी चायना एअरलाइन्स ६११चा अहवाल पुन्हा वाचला. आमच्या क्षेत्रात सगळेच वाचतात, पण वाचणं वेगळं आणि लागणं वेगळं. हे बोइंग ७४७ फेब्रुवारी १९८०मध्ये हाँगकाँगला उतरताना शेपटी घासलं. काही महिन्यांत कायमची दुरुस्ती झाली, म्हणजे वर डबलर मारला. पण खालच्या पत्र्यावरचे ओरखडे नीट काढलेले नव्हते आणि डबलर जेवढा लांब हवा तेवढा नव्हता. ओरखड्यांतून भेगा निघाल्या. बावीस वर्षं विमान उडत राहिलं. २५ मे २००२ला तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच त्याचे तुकडे झाले. २२५ माणसं.

त्यात दोन गोष्टी आहेत ज्या डोक्यातून जात नाहीत. एक, त्या डबलरच्या कडेला तपकिरी डाग होते. पूर्वी विमानात सिगारेट ओढायचे, तो धूर आतून फटीतून बाहेर झिरपून डाग पडलेले. अपघाताच्या आधी काढलेल्या फोटोत ते दिसतात. म्हणजे विमान स्वतः सांगत होतं, इथून हवा जातेय. दुसरी, जुन्या दुरुस्त्यांची नव्याने छाननी करायचा कार्यक्रम तोवर सुरू झाला होता आणि या विमानाची पाळी नोव्हेंबर २००२मध्ये होती. नियमाने त्याला २२,००० उड्डाणांपर्यंत मुदत होती. ते २१,३९८वर फुटलं. कुणी तारीख चुकवली नव्हती! तारीखच चुकीची होती. ती त्या पॅचकडे बघून काढलेली नव्हती, सगळ्यांना सरसकट लावलेली होती.

हे नियम तरी कसे आले? १४ मे १९७७ला झांबियात लुसाकाजवळ डॅन-एअरचं मालवाहू ७०७ शेपटीचा आडवा पंख तुटून पडलं, सहाही जण गेले. त्या पंखाची रचना आधीच्या मॉडेलवरून बदलून घेतलेली. वरच्या पत्र्याचा काही भाग स्टेनलेस स्टीलचा केला, अधिक कडक व्हावा म्हणून, पण बदललेल्या पंखाची थकव्याची चाचणी पुन्हा केली नव्हती. भरवसा असा की एक भाग तुटला तरी दुसरा सांभाळेल. सांभाळतो, पण किती दिवस? आणि तुटलेला तेवढ्या दिवसांत कुणी बघणार आहे का? नंतर तशी ५२१ विमानं तपासली तर ३८मध्ये भेगा निघाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेने नियम बदलला आणि भेग आहे असं धरून तपासणी ठरवायची पद्धत प्रवासी विमानांना लागू झाली. एकेका ओळीमागे माणसं आहेत.

आता मुद्द्यावर येते.

बाबांना मी दिल्लीच्या वाटेवर हे सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मग पुलाचं असं कोण करतं?"

मी सिव्हिलवाली नाही, आधीच सांगते. पूल म्हणजे विमान नव्हे. दगडी कमानीला आणि काँक्रीटला माझं भेगेचं सूत्र जसंच्या तसं लावायला गेलं तर सिव्हिलवाले मला हसतील, आणि बरोबरच हसतील. गंज, पाया खचणं, पूर, हे त्यांचे वेगळे शत्रू. पण प्रश्न तेच राहतात.

अंधेरीच्या गोखले पुलाचा पादपथाचा भाग ३ जुलै २०१८ला रेल्वेच्या रुळांवर कोसळला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत गंजाबरोबर वाढीव भाराचा मुद्दा होता: नंतर टाकलेल्या केबल, पेव्हर ब्लॉक, त्याखालची रेती. एकेक गोष्ट चांगल्या हेतूनेच आली असणार. लोकांना चालायला बरं, इंटरनेट चांगलं. हीच ती मागून बसवलेली अँटेना. महाडचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. त्याची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झालेली होती आणि वाहतुकीला योग्य ठरवला होता. बाबा एसटीचे, त्यांच्यासमोर मी हा विषय सहसा काढत नाही.

या प्रकरणांनंतर आपण काय मागतो? ऑडिट करा. दर वर्षी करा. पावसाळ्याआधी करा. मीही मागितलंय. पण "दर वर्षी" हा आकडा आला कुठून? सोयीचा म्हणून. माझा सी-चेक होता तसाच. एखाद्या पुलाला पाच वर्षांनी बघून चालेल, एखाद्याला दोन महिन्यांनी बघावं लागेल. आणि वरून गाडी थांबवून, कठड्याला हात लावून केलेली तपासणी रोज केली तरी पाण्याखालचा पाया तिला दिसणार नाही. सापडणारच नसेल अशा पद्धतीने कितीही वेळा शोधलं तरी काय?

उद्या आपल्या शहरातून जाताना कुठल्याही जुन्या पुलाकडे जरा बघा. डांबरावर डांबर चढून कठडा किती बुटका झालाय. बाजूला पाण्याची पाईप टांगलेली असते, तिच्या क्लॅम्पसाठी भोकं पाडलेली असतात. केबल असतात. खाम नदीवरच्या दरवाज्यांजवळचे पूल ज्या काळात बांधले तेव्हा सिमेंटचे मिक्सर नव्हते. हे सगळं वाईटच आहे असं नाही. माझा प्रश्न एवढाच की पाईप टांगली त्या दिवशी पुलाच्या तपासणीचा कागद कुणी बदलला का?

आमच्या रोजच्या वाटेवर असा एक पूल आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला अजून काहीच माहीत नाही आणि उगाच घबराट पसरवायची नाही. कदाचित सगळं नीट असेल, तसं निघालं तर तेही इथेच लिहीन. रविवारी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले. तीन गोष्टी विचारल्या. हा पूल बांधल्यानंतर त्यावर किंवा त्याला जोडून काय काय बसवलं आणि कोणत्या साली. त्यानंतर भाराचं गणित पुन्हा केलं का, केलं असेल तर त्याची प्रत. आणि शेवटच्या तपासणीत कोणते भाग कोणत्या पद्धतीने बघितले आणि कोणते बघता आले नाहीत.

बाबा शेजारी चष्मा लावून वाचत होते. तिसरा मुद्दा त्यांनी दोनदा वाचला.

"बघता आले नाहीत ते कुणी लिहितं का?"

विमानात लिहावं लागतं, मी म्हटलं.

"आमच्याकडे गाडी पिटवर घेतली की जे उघडलं नाही ते खडूनं बॉडीवर लिहायचो. पुढच्या पाळीवाल्याला कळावं म्हणून." मग उठून कपाटातून डबा काढला आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट माझ्यापुढे ठेवलं. "हे नीट चिकटव. मागच्या वेळी कोपरा सुटला होता."